सेक्शन ८ व्हाउचर: स्थानिक धोरणाचा दस्तऐवज नव्याने लिहिताना

प्रश्न असा आला आहे: "न्यू जर्सीतल्या एका लहान हाउसिंग ऑथॉरिटीत मी नुकताच पॉलिसी अ‍ॅनालिस्ट म्हणून लागलोय. आमच्याकडे साधारण ३०० व्हाउचर आहेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्लॅन २०१७ नंतर कुणी उघडलेला दिसत नाही. डायरेक्टर म्हणतात, कन्सल्टंटकडून तयार मॉडेल प्लॅन घेऊ, नाव-गाव बदलू आणि पुढच्या बोर्ड मीटिंगला मंजूर करून टाकू. हे चालेल का? नसेल, तर सुरुवात कुठून करू?"

तयार प्लॅन विकत घ्यायला माझी हरकत नाही. तो न वाचता मंजूर करायला आहे. या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. प्लॅनमुळे अडचणीत आलेल्या ऑथॉरिट्या पाहिल्या, तर त्यातल्या बहुतेकांचं कायद्याचं कलम चुकलेलं नसतं. कुणीतरी तिसऱ्याने घेतलेला निर्णय त्यांच्या शिक्क्याखाली छापला गेलेला असतो आणि तो कशासाठी घेतला, हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. सेक्शन ८ म्हणजे अमेरिकेच्या १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यात १९७४ साली घातलेलं कलम. आज देशभर सुमारे २३ लाख कुटुंबं या व्हाउचरवर राहतात. कुटुंब खाजगी घरमालकाचं घर शोधतं, आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के स्वतः भरतं आणि उरलेलं भाडं स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटी थेट मालकाला देते. पैसा केंद्राचा, म्हणजे हड या केंद्रीय गृहनिर्माण खात्याचा, कारभार स्थानिक. मुंबईत वाढलेल्यांच्या डोक्यात भाड्याच्या घराबरोबर पागडी आणि गोठलेलं भाडं येतं, ते इथे बाजूला ठेवा. इथे भाडं बाजाराचंच असतं आणि मदत घराला चिकटलेली नसते, कुटुंबाबरोबर फिरते.

हा स्थानिक कारभार कसा चालेल, हे ज्यात लिहिलेलं असतं तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्लॅन. केंद्राच्या नियमावलीतलं ९८२.५४ हे कलम सांगतं की प्रत्येक ऑथॉरिटीने तो लेखी ठेवावा, बोर्डाने तो रीतसर मंजूर करावा आणि कारभार त्याप्रमाणेच चालवावा. त्यात काय काय हवं याची लांबलचक यादीही तिथेच आहे. सुरुवात या यादीपासून करा, मॉडेल प्लॅनपासून नको.

प्लॅनची प्रत घेऊन बसा आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: हे वॉशिंग्टनने ठरवलंय की आपण? व्हाउचर हातात आल्यावर घर शोधायची पहिली मुदत किमान ६० दिवसांची हवी, हे त्यांनी ठरवलंय. ती ६० ठेवायची की १२० आणि मुदतवाढ कशाच्या आधारावर द्यायची, हे आपण ठरवायचं. कुटुंबाने घर मंजुरीसाठी अर्ज दिला की निर्णय कळवेपर्यंत मुदतीचं घड्याळ थांबलं पाहिजे, हे त्यांचं. कुटुंब घराबाहेर किती काळ राहू शकतं याची कमाल मर्यादा सलग १८० दिवस, ही त्यांची. त्याच्या आत कुठे रेघ मारायची, ती आपली. किमान भाडं शून्य ते ५० डॉलर यांच्यामध्ये कुठे, तेही आपलंच. ४०० पानांच्या मॉडेल प्लॅनमधून अशी 'आपली' कलमं वेगळी काढली, तर हातात मोजकीच पानं उरतात. खरं काम तेवढंच आहे.

पुढचा टप्पा कंटाळवाणा आहे, पण तो टाळू नका. या मोजक्या पानांवर जे लिहिलंय आणि केसवर्कर रोज जे करतात, ते ताडून बघा. गेल्या वर्षभरातल्या काही फाइली मागवा: नाकारलेला अर्ज, बंद केलेली मदत, दिलेली आणि न दिलेली मुदतवाढ, सुनावणीला गेलेली केस. छापील पत्रंही घ्या. प्लॅनमध्ये उत्पन्नातला बदल कळवायला १० दिवस, पत्रात १४ आणि खिडकीवरच्या बाईंच्या तोंडी ३० दिवस, असा प्रकार मी एकाच ऑफिसात पाहिलाय. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं, प्रत्येकाकडे वेगळ्या साली छापलेला कागद होता. हड ऑथॉरिट्यांच्या व्हाउचर-कारभाराला गुण देतं, त्या सेमॅप मूल्यमापनात १४ निकष आहेत आणि त्यातला पहिलाच, प्रतीक्षायादीतून निवड तुमच्या लेखी धोरणाप्रमाणे झाली का, हा आहे. निवड न्याय्य वाटली तरी ती कागदाशी जुळली नाही, तर गुण जातात.

आता पेमेंट स्टँडर्डकडे, म्हणजे अनुदान मोजताना ऑथॉरिटी जास्तीत जास्त जेवढं भाडं धरते त्या आकड्याकडे, येतो. या एका आकड्यावर थांबलात तरी चालेल, इतका तो महत्त्वाचा आहे.

हड दर आर्थिक वर्षासाठी प्रत्येक भागाचं वाजवी बाजारभाडं, म्हणजे एफएमआर, जाहीर करतं आणि ते १ ऑक्टोबरपासून लागू होतं. त्याच्या ९० ते ११० टक्क्यांच्या पट्ट्यात ऑथॉरिटी आपलं पेमेंट स्टँडर्ड ठरवते. नवीन एफएमआरमुळे तुमचा आकडा पट्ट्याबाहेर गेला, तर तीन महिन्यांत तो सुधारावा लागतो. समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. दोन बेडरूमचा एफएमआर २,००० डॉलर आहे आणि तुमचं पेमेंट स्टँडर्डही तेवढंच, म्हणजे १०० टक्के. एका कुटुंबाचं वजावटीनंतरचं मासिक उत्पन्न १,५०० डॉलर. त्याचे ३० टक्के, म्हणजे ४५० डॉलर, कुटुंबाने भरायचे. त्यांना घर मिळालं ते वीज-गॅस धरून २,२०० डॉलरचं. ऑथॉरिटी देणार २,००० वजा ४५०, म्हणजे १,५५०. उरलेले ६५० कुटुंबाच्या डोक्यावर. पण पेमेंट स्टँडर्डपेक्षा महाग घर पहिल्यांदा घेताना कुटुंबाचा वाटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणजे ६०० वर. पन्नास डॉलरसाठी घर हातातून गेलं. पेमेंट स्टँडर्ड ११० टक्के असतं तर ऑथॉरिटीने १,७५० दिले असते, कुटुंबाने ४५० आणि त्याच दिवशी किल्ली मिळाली असती.

म्हणून सरसकट ११० करून टाका, असं कुणीही म्हणेल. थांबा. ३०० कुटुंबांना प्रत्येकी जास्तीत जास्त २०० डॉलर वाढले, तर महिन्याला ६०,००० आणि वर्षाला ७ लाख २० हजार डॉलर होतात. प्रत्यक्षात आकडा कमी येईल, कारण ज्यांचं भाडं आधीच स्टँडर्डच्या खाली आहे त्यांचं अनुदान वाढत नाही. तरीही सरासरी अनुदान १,५०० धरलं, तर वरच्या टोकाला हा ४० कुटुंबांचा पैसा आहे. हड तुम्हाला व्हाउचरची संख्याही देतं आणि पैशाची मर्यादाही, आणि दोन्ही एकाच वेळी पाळायच्या असतात. तेव्हा आकडा ठरवण्याआधी फायनान्सच्या माणसाला शेजारी बसवा आणि गेल्या वर्षी व्हाउचर हातात असूनही मुदतीत घर न मिळालेली कुटुंबं किती, ते काढा. ती बरीच असतील तर स्टँडर्ड कमी पडतंय. जवळपास सगळ्यांना घरं मिळत असतील, तर वाढीचा पैसा यादीतल्या नव्या कुटुंबांवर जाऊ द्या.

यात आणखी एक वळण आहे. काही महानगरी भागांत संपूर्ण परिसराला एक एफएमआर लागत नाही, पिनकोडगणिक वेगळा लागतो. २०१८ पासून असे २४ भाग होते, २०२५ च्या सुरुवातीपासून आणखी ४१ जोडले गेले. तुमचा भाग त्यात आहे का, हे आधी बघा. असेल तर २०१७ चा तुमचा पेमेंट स्टँडर्डचा तक्ता निव्वळ जुना झालेला नाही, त्याचा साचाच बदललाय. आणि कधीतरी आकडा खाली आणायची वेळ आली, तर आधीपासून राहणाऱ्या कुटुंबांना जुन्याच आकड्यावर ठेवायचं का, हेही आपण ठरवायचं कलम आहे. मी ठेवा म्हणेन. पण पैसे संपत आल्यावर काय क्रमाने कात्री लागेल, कुणाची मदत सगळ्यात शेवटी थांबेल, हेही शांत डोक्याने आत्ताच लिहा. टंचाईच्या महिन्यात ठरवायला बसलात तर जो जास्त ओरडेल त्याचं ऐकलं जाईल.

प्रतीक्षायादीत दोनच गोष्टी नीट बघा. पहिली, स्थानिक रहिवाशांना प्राधान्य. बोर्डाला ते आवडतं, कारण मतदार स्थानिक असतात. कायद्याने ते ठेवता येतं, पण 'इथलेच असाल तरच अर्ज करा' अशी अट घालता येत नाही. प्राधान्याचा भाग काउंटी किंवा नगरपालिकेपेक्षा लहान चालत नाही. गावात नोकरी करणाऱ्याला, किंवा नोकरी लागलेल्याला, रहिवासीच धरावं लागतं. आजूबाजूच्या गावांपेक्षा तुमचं गाव जास्त गोरं असेल, तर या प्राधान्याचा परिणाम वंशानुसार लोकांना मागे ढकलण्यात होतो का, हे वकिलाकडून तपासून घ्या. १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा हेतू निर्मळ होता म्हणून सोडत नाही. दुसरी गोष्ट, नव्या प्रवेशांपैकी ७५ टक्के अति-अल्प उत्पन्न गटातले हवेत, ही केंद्राची अट. प्राधान्यं अशी रचू नका की यादीच्या वरच्या भागात त्या गटातलं कुणी उरणारच नाही.

आता सुनावणी. माझ्या मते प्लॅनची परीक्षा तिथेच होते. मदत काढून घेण्याआधी बाजू मांडू द्या, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये गोल्डबर्ग विरुद्ध केली या खटल्यात कल्याण-मदतीसाठी घालून दिलं. व्हाउचरधारकाची 'इन्फॉर्मल हिअरिंग' त्याच मुळातून आली आहे. निर्णय घेणाऱ्याने, किंवा त्याच्या हाताखालच्याने, सुनावणी घ्यायची नाही आणि कुटुंबाला आधी कागद बघायला मिळाले पाहिजेत, हे ठरलेलं. सुनावणी अधिकारी कोण आणि कसा नेमायचा, हे प्लॅनमध्ये हवं. लहान ऑथॉरिटीत डायरेक्टरने स्वतःच मदत बंद करण्याच्या पत्रावर सही केली, तर आतलं प्रत्येकच माणूस त्यांच्या हाताखालचं ठरतं. अशा वेळी शेजारच्या ऑथॉरिटीबरोबर अधिकाऱ्यांची अदलाबदल करायची व्यवस्था लिहून ठेवणं सोपं पडतं.

एका केसचं उदाहरण देतो. एका ऑथॉरिटीच्या प्लॅनमध्ये लिहिलं होतं की घरात नवीन माणूस राहायला आला तर कुटुंबाने 'लगेच' कळवावं. एका आजीकडे मुलगा येऊन राहिला. तिने सहाव्या आठवड्यात सांगितलं. मदत बंद करण्याचं पत्र निघालं. सुनावणी अधिकाऱ्याने विचारलं, लगेच म्हणजे किती दिवस? पाहुणा आणि राहणारा यांच्यातली रेघ किती रात्रींवर? प्लॅनमध्ये दोन्ही नव्हतं. मुलगा सुरुवातीला पाहुणाच होता, असं आजी म्हणाली आणि ते खोडून काढायला ऑथॉरिटीकडे काही नव्हतं. निर्णय उलटला. माझ्या मते बरोबरच उलटला. तेव्हा प्लॅनमधले 'लगेच', 'वाजवी', 'वारंवार', 'योग्य कारण' हे शब्द शोधून काढा आणि शक्य तिथे दिवस, रात्री आणि कागदपत्रं यांत त्यांचा अर्थ लिहा. जिथे मोकळीक हवीच आहे, तिथे निर्णय कोण घेणार आणि तो फाइलमध्ये कसा नोंदवणार, ते तरी लिहा.

गुन्हेगारी पार्श्वभूमीचं कलमही याच नजरेने वाचा. लैंगिक गुन्हेगारांच्या आजन्म नोंदवहीत नाव, सरकारी मदतीच्या घराच्या आवारात मेथॅम्फेटामिन बनवल्याबद्दल शिक्षा, अशा थोड्याच बाबतींत नकार बंधनकारक आहे. बाकी किती वर्षं मागे जायचं, कुठले गुन्हे धरायचे, हे बहुतेक तुम्हीच ठरवायचं. मॉडेल प्लॅनमध्ये इथे सहसा सगळ्यात कडक पर्याय छापलेला असतो, कारण कन्सल्टंटला तो सुरक्षित वाटतो.

२०१७ नंतर केंद्राकडून जे बदललं, त्यात सगळ्यात मोठा हॉटमा, म्हणजे घरभाडं-मदतीचे नियम बदलणारा केंद्राचा कायदा. कायदा २०१६ चा, उत्पन्न आणि मालमत्तेवरचा अंतिम नियम फेब्रुवारी २०२३ मध्ये निघाला आणि व्हाउचरच्या कारभारावरचा मे २०२४ मध्ये. उत्पन्नाचा भाग प्रत्यक्ष लागू करायची तारीख मागेपुढे होत राहिली आहे, कारण त्यासाठी लागणारी हडची नवी संगणक प्रणाली वेळेवर उभी राहिली नाही. म्हणून या भागात तारीख मजकुरात गुंफू नका. 'हडने कळवलेल्या तारखेपासून' असं लिहा आणि तोवर चालणारी जुनी कलमं वेगळ्या परिशिष्टात ठेवा. डॉलरचे आकडेही परिशिष्टातच टाका, कारण ते महागाईप्रमाणे दरवर्षी बदलतात. वृद्ध किंवा अपंग कुटुंबाची वजावट ४०० वरून ५२५ वर गेली, ती तिथे थांबणारी नाही.

हॉटमात आपले निर्णयही बरेच आहेत. उत्पन्न १० टक्क्यांपेक्षा कमी घटलं तरी भाडं मध्येच कमी करायचं का? करता येतं, मी लहान उंबरठा ठेवायला सांगेन, कारण तासांवर काम करणाऱ्या माणसाला ७ टक्के म्हणजे किराणा. औषधोपचाराच्या खर्चाची वजावट हॉटमाच्या नियमात उत्पन्नाच्या ३ ऐवजी १० टक्क्यांच्या वर गेलेल्या रकमेवर मिळते. अडचणीत येणाऱ्यांसाठीच्या सवलतीची व्याख्या तुम्ही करायची आहे, ती कोरी सोडू नका.

हॉटमातली मालमत्तेची अट मात्र आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावी, कारण ती थेट त्यांच्यापर्यंत येते. ठरलेल्या मर्यादेच्या (सुरुवातीला एक लाख डॉलर, पुढे महागाईप्रमाणे वाढणारी) वर निव्वळ मालमत्ता, किंवा राहण्याजोगं स्वतःचं घर असेल तर नवीन प्रवेश मिळत नाही. आधीपासून व्हाउचरवर असलेल्यांना ही अट लावायची की नाही, किती लावायची, ते ऑथॉरिटीच्या हातात आहे. मग मुलांमागे अमेरिकेत आलेल्या, ग्रीन कार्ड मिळालेल्या आणि आता वेगळं राहणाऱ्या आईचं रत्नागिरीतलं सामाईक घर? नियम विचारतो: मालकीहक्क आहे का, तिथे राहण्याचा कायदेशीर हक्क आहे का, आणि ते घर जिथे आहे तिथल्या कायद्याप्रमाणे ते विकण्याचा प्रत्यक्ष अधिकार आहे का? चार भावंडांच्या सह्यांशिवाय सात-बारा हलत नसेल, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'नाही' येतं. घर इतकं लांब की तिथे राहणं कुटुंबाला जाचक होईल, हेही कारण नियमात आहे. अशा कुटुंबाकडून कुठला कागद मागायचा, भाषांतर कोण करून देणार, हे प्लॅनमध्ये दोन ओळींत आलं तर केसवर्करला गोंधळून नकार द्यावा लागणार नाही.

घरतपासणीचं थोडक्यात: जुन्या दर्जाच्या जागी एन्स्पायर हा हडचा नवा तपासणी-दर्जा येतोय आणि व्हाउचरसाठी त्याची मुदत वारंवार पुढे गेली आहे. तिथेही परिशिष्टच. जिवाला धोका असलेले दोष २४ तासांत दुरुस्त, हे तसंच राहणार आहे.

२०२१ च्या मदत कायद्यातून आलेली आपत्कालीन व्हाउचर तुमच्याकडे असतील तर या पुनर्लेखनात त्यांना आधी घ्या. त्यांचा पैसा २०२६ पर्यंतच पुरेल, असं हडने २०२५ मध्येच कळवलं होतं. ती कुटुंबं आपोआप नेहमीच्या व्हाउचरवर येत नाहीत. त्यांना प्राधान्य द्यायचं असेल तर ते प्लॅनमध्ये मंजूर झालेलं हवं, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं यादीत थांबलेल्यांना थोडं मागे सरकावं लागेल. हा निर्णय बोर्डाने उघड चर्चा करून घ्यावा, एखाद्या परिच्छेदात लपवून आणू नये.

राज्याचा कायदाही सोबत वाचा. न्यू जर्सीत व्हाउचर आहे म्हणून भाडेकरू नाकारणं बेकायदा आहे, पण टेक्ससमध्ये तसा शहरी नियम करायलाच राज्याने बंदी घातली आहे. मॉडेल प्लॅन पन्नास राज्यांत विकला जातो, त्यामुळे या मुद्द्यावर तो गप्प असतो. व्हाउचर देताना होणाऱ्या ब्रीफिंगमध्ये, म्हणजे माहितीच्या बैठकीत, कुटुंबाला हा हक्क आणि तक्रारीची जागा सांगायची, असं तुमच्या प्लॅनमध्ये असू दे.

मंजुरीची वाट. ३०० व्हाउचर आणि सार्वजनिक घरं मिळून आकडा ५५० च्या आत असेल, तर तुम्ही 'क्वालिफाइड' ऑथॉरिटी आहात आणि वार्षिक आराखडा हडला पाठवण्यातून सुटता. वार्षिक जाहीर सुनावणी आणि रहिवासी सल्लागार मंडळ यांतून सुटत नाही, आणि त्या सुनावणीची सूचना ४५ दिवस आधी द्यावी लागते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्लॅनमधला प्रत्येक बदल त्या वाटेने न्यावा लागतोच असं नाही. कुठला बदल 'मोठा' धरायचा, याची व्याख्या तुमच्याच ऑथॉरिटीने आधी कधीतरी करून ठेवलेली असते, ती शोधा. प्राधान्यं बदलत असाल तर ती बहुधा त्यात येतील. पुढच्याच मीटिंगला सगळं उरकायचं हा डायरेक्टरांचा बेत इथेच अडेल, आणि ते त्यांना आजच सांगितलेलं बरं.

बोर्डापुढे ४०० पानं ठेवू नका. पानभर तक्ता द्या: आधी काय होतं, आता काय, किती कुटुंबांवर परिणाम, किती पैसे. ठरावात लागू होण्याची तारीख घाला, आणि पत्रं, फॉर्म, सॉफ्टवेअर व केसवर्करांचं प्रशिक्षण यांना पुरेल एवढी ती लांब ठेवा. जुनी आवृत्ती मंजुरीच्या ठरावासह जपून ठेवा. आज बंद झालेल्या मदतीची सुनावणी तीन महिन्यांनी लागली, तर अधिकारी मागतील तो कागद घटना घडली त्या दिवशी लागू असलेला असेल.